थोडी गार होऊ द्या

लागणारं साहित्य : थंड असताना पहिल्या किकला सुरू होणारी एक डर्टबाइक, सावली नसलेला एक माळ, रिकामा तास आणि शाबूत उजवा गुडघा. सल्ला द्यायला तीन माणसंही लागतात, पण ती जमवावी लागत नाहीत. गाडी बंद पडली की ती आपोआप उगवतात.

माझी गाडी २५० सीसीची, फोर स्ट्रोक, कार्बोरेटरवाली, सेकंड हँड. तिला बॅटरी नाही, सेल्फ नाही, हेडलाइट नाही, नंबरप्लेटही नाही. रस्त्यावर चालवायची परवानगी नसल्यामुळे ती माळापर्यंत टेम्पोत बसून जाते आणि टेम्पोत बसूनच परत येते. म्हणजे बंद पडली तरी घरी पोचायची सोय आहे, असा विचार मी घेताना केला होता. टेम्पोवाला वेटिंगचे पैसे लावतो, हा विचार केला नव्हता.

लक्षणं अशी. रविवारी सकाळी सासवडच्या पुढच्या माळावर गाडी उतरवायची. चोक ओढायचा, एक किक, गाडी चालू. वीस मिनिटं मुरुमात, खडकात, ओढ्याच्या कोरड्या पात्रात मनसोक्त मारायची. मग एका चढावर गिअर चुकतो, गाडी आचका देऊन बंद पडते. किक. पुन्हा किक. दहाव्या किकला हेल्मेट उतरतं, विसाव्या किकला हातमोजे, तिसाव्याला माणूस गाडीशी बोलायला लागतो. हे बोलणं घरच्यांनी ऐकण्यासारखं नसतं.

नवशिक्यानं आधी या आजाराचा स्वभाव ओळखावा. पंक्चर झालेलं चाक गॅरेजपर्यंत पंक्चरच राहतं. तुटलेली चेन तुटलेलीच दाखवता येते. हा आजार मात्र दवाखान्याच्या पायरीवर पळून जाणाऱ्या दातदुखीसारखा आहे. अर्ध्या तासात गाडी थंड होते आणि एका किकला चालू होते. मी दोनदा ती गॅरेजात नेली. दोन्ही वेळा मिस्त्रींनी एक किक मारली, गाडी गुरगुरली, आणि मिस्त्रींनी गाडीऐवजी मला आपादमस्तक न्याहाळलं.

म्हणून या मार्गदर्शिकेचा मूळ नियम : गाडी गार होऊ देऊ नका. जमलेली तिन्ही माणसं नेमकं उलटं सांगतील. ‘थोडी गार होऊ द्या’ हा आपल्याकडे मोटारसायकलपासून मेव्हण्यापर्यंत सगळ्यांना लागू पडणारा सल्ला आहे आणि त्यानं गाडी सुरूही होते. पण गाडी गार झाली की पुरावा गेला. काय बिघडलंय ते फक्त त्या तापलेल्या दहा-पंधरा मिनिटांत शोधता येतं, आणि नेमकी तीच मिनिटं आपण शिव्या देण्यात घालवतो.

पायरी पहिली : उजवा हात आवरा. किक मारताना रेस पिळायची आपल्याला लहानपणापासूनची सवय. घरच्या स्कूटरला ती चालून जायची. या गाडीच्या कार्बोरेटरला एक छोटा पंप असतो. मूठ पिळली की तो पेट्रोलची बारीक पिचकारी थेट आत मारतो. चालत्या गाडीला एकदम वेग घ्यायचा असतो तेव्हा ही पिचकारी हवीच. बंद गाडीला मात्र प्रत्येक पिळण्यासरशी ती आणखी बुडवत जाते. तीस किका आणि प्रत्येक किकेला दोनदा मूठ पिळणं, म्हणजे साठ पिचकाऱ्या. एवढी रंगपंचमी झाल्यावर ठिणगी पडली तरी पेटणार कुठे?

पायरी दुसरी कोणाचं लक्ष नसताना करावी. किल स्विच दाबलेला अडकलाय का, पेट्रोलचा कॉक चालू आहे का, ते बघा. गाडी आडवी पडली की स्विचमध्ये माती जाते आणि बटण आत रुतून बसतं. माझ्या पहिल्या रविवारच्या तीस किकांपैकी अठरा कॉक बंद असताना मारलेल्या होत्या. हे मी टेम्पोवाल्याला अजून सांगितलेलं नाही.

पायरी तिसरी : टाकीचं झाकण उघडा. झाकणातून एक बारीक नळी वर हँडलकडे जाते. पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिच्यातून टाकीत शिरते. नळीत चिखल बसला की हवेची वाट बंद होते आणि पेट्रोल उतरायचं थांबतं. झाकण उघडताना ‘फुस्स’ आवाज आला तर मिनिटभर थांबून किक मारा. चालू झाली तर मार्गदर्शिका इथेच मिटा, नळी फुंकून साफ करा आणि टेम्पोवाल्याला परत पाठवा. माझ्या झाकणानं आवाज केला नाही. वाचत राहा.

आता किकेबद्दल. नवशिका किक मारतो ती डबा उडवल्यासारखी, जिथे असेल तिथून. जुनी बुलेट चालवलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. तो अॅमीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत किक हलकेच दाबत न्यायचा, डिकॉम्प्रेसर दाबून पिस्टन जरासा पुढे सरकवायचा, आणि मग सगळं अंग घालून एकच किक मारायचा. आपल्या गाडीला काटा नाही, पण पायाला कळतं. किक सावकाश खाली दाबत जा. एका जागी ती घट्ट लागते, जणू कोणी आतून धरून ठेवलीय. ती जागा अगदी थोडी ओलांडा, किक वर येऊ द्या, आणि आता पूर्ण खालपर्यंत, न घाबरता. अर्ध्यात पाय कचरला तर ती उलटी येते. चपलेवर ही विद्या शिकू नये.

ती घट्ट जागा लक्षात ठेवा. पुढे साक्ष द्यायला तिलाच बोलवायचं आहे.

चौथी पायरी मला एका शेळ्या राखणाऱ्या पोरानं शिकवली. दुसऱ्या रविवारी मी किका मारतोय, टेम्पोवाला ‘गार होऊ द्या’ म्हणतोय, जवळच्या शेतातले एक काका ‘तिरकी करा, आमची चेतक अशीच व्हायची’ म्हणतायत. (काकांची युक्ती खरी, पण ती पेट्रोलला तहानलेल्या स्कूटरसाठी. माझी गाडी बुडत होती, आणि बुडणाऱ्याला पाणी पाजायचा हा सल्ला होता.) तेवढ्यात ते पोरगं दहा पावलांवरून नाक मुरडून म्हणालं, “दादा, पेट्रोलचा वास मारतोय की.”

तपासणीत नाक हे पहिलं अवजार. गाडी चालू असते तेव्हा समोरून वारा लागतो, रेडिएटरमधून पाणी फिरतं, कार्बोरेटरमधून गार पेट्रोल जात राहतं. गाडी थांबली की हे तिन्ही थांबतात आणि इंजिनाची धग आजूबाजूला चढायला लागते. जाड बुडाच्या पातेल्यातलं दूध गॅस बंद केल्यावरही उतू जातं, तसंच. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल तापतं, त्यातला हलका भाग उकळतो, आणि वाफ नि थेंब इंजिनाच्या तोंडाशी साचतात. पेट्रोल जास्त, हवा कमी. मेकॅनिकच्या भाषेत गाडी ‘ओव्हर’ झाली. त्यात आपल्या साठ पिचकाऱ्या.

यावर इलाज गाडीतच दिलेला असतो. क्लचजवळ किंवा थेट कार्बोरेटरवर एक छोटी दांडी किंवा बटण असतं, बहुधा लाल. त्याला हॉट स्टार्ट म्हणतात. ते ओढलं की बाजूच्या भोकातून जास्तीची हवा आत जाते आणि दाटलेलं मिश्रण पातळ होतं. चोकच्या अगदी उलट काम. माझ्या गाडीवर ही दांडी पहिल्या दिवसापासून होती. दोन महिने मी तिला हॉर्नचं काहीतरी समजत होतो. गाडीला हॉर्न नाही, हे माहीत असूनही.

पोराच्या सांगण्यावरून मी केलं ते असं. चोक बंद. हॉट स्टार्ट ओढलेला. किल स्विच दाबून धरलेला. रेस एकदाच पूर्ण उघडली आणि तशीच धरून ठेवली, कारण उघडझाप केली की पुन्हा पिचकारी. मग आठ-दहा निवांत पण पूर्ण किका, आतलं जास्तीचं पेट्रोल बाहेर हाकलायला. नंतर किल स्विच सोडला, रेस पूर्ण सोडली, हॉट स्टार्ट तसाच ठेवला, घट्ट जागा शोधून एक किक. गाडी खोकली. दुसऱ्या किकेला चालू झाली. मी त्या पोराला शंभराची नोट काढून देऊ लागलो, त्यानं नोट घेतली नाही; चक्कर मारायला गाडी मागितली. वय विचारलं तर म्हणाला, अकरा. शेवटी चॉकलेटवर तडजोड झाली.

पण हा शोध अर्धाच होता. त्याच दुपारी गाडी पुन्हा तापली, पुन्हा बंद पडली. या वेळी रेसला हात लावला नाही, हॉट स्टार्ट ओढला, नाक लावून बघितलं तर वासही नव्हता. तरी ती चालू होईना. पेट्रोलची बाजू निर्दोष सुटल्यावर उरल्या दोनच गोष्टी : ठिणगी आणि दाब.

पाचवी पायरी, ठिणगी. इथे शंभरातले नव्वद नवशिके प्लगपाना काढतात. थांबा. इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, मऊ. तापलेल्या हेडमधून प्लग ओढून काढला तर प्लगाबरोबर आटेही बाहेर येतात, आणि मग शंभर-दोनशेच्या आजारावर हजारोंचं ऑपरेशन होतं. त्यापेक्षा खिशात एक चांगला जादा प्लग ठेवा. गाडीतल्या प्लगाची फक्त टोपी काढा, ती जाद्या प्लगाला लावा, त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून धरा, आणि किक मारा. पेट्रोल सांडलेलं असेल तर हा प्रयोग करू नका. प्लगाचं टोक बोटांत धरू नका. करंट कसा लागतो हे शिकायला आयुष्यात इतर संधी मिळतात.

दोन टोकांमधली फट मिलिमीटरच्या साधारण सहा-सात दशांशांइतकी, तिथे निळी ठिणगी दिसायला हवी. आता एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता, सावली नसलेल्या माळावर ठिणगी बघून दाखवा. सूर्यापुढे ती काय दिसणार? तिसऱ्या रविवारी मी आंघोळीचा टॉवेल घेऊन गेलो. गाडीवर टॉवेल पांघरला, टॉवेलाच्या आत मी आणि टेम्पोवाला, चार डोळे एका प्लगावर, आणि बाहेरून किक मारायला काका. त्या अंधारात पेट्रोल, घाम आणि टेम्पोवाल्याच्या तंबाखूचा मिळून एक वास होता. काकांनी किक मारली. टक् आवाज होऊन निळी रेघ चमकली. “दिसली!” असं आम्ही दोघं एकदम ओरडलो, आणि बाहेरच्या काकांना वाटलं, काहीतरी चावलं.

ठिणगी दिसली नसती तर संशय मॅग्नेटच्या कॉइलवर गेला असता. या गाडीला बॅटरी नाही, करंट किकेतूनच तयार होतो. कॉइलमध्ये केसासारख्या तारेचे असंख्य वेढे असतात. त्यात एखादी तार आतल्या आत तुटलेली असली तर थंडपणी टोकं एकमेकांना टेकून राहतात, तापल्यावर दूर सरकतात, गार झाल्यावर पुन्हा मिळतात. हा दोष मल्टिमीटरनं पकडायचा, पण गाडी तापलेली असतानाच. एक काळजी घ्या. तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. ६० अंश चढले तर आकडा जवळपास पाव हिस्स्यानं फुगतो, आणि तेवढं फुगणं म्हणजे दोष नव्हे. मीटरनं हातच वर केले, आकडाच दाखवला नाही, तर कॉइल गेली.

माझी ठिणगी ठणठणीत होती. उरला दाब.

सहावी पायरी, आणि इथे त्या घट्ट जागेला साक्षीला बोलवा. सकाळी गाडी थंड असताना किक दाबून बघितली होती तेव्हा त्या जागी पूर्ण वजन टाकल्याशिवाय ती पुढे सरकत नव्हती. आता तापल्यावर तीच किक पोकळ लागत होती. घट्ट जागा होती, पण पायानं दाबलं की हळूच फिस्कटत होती, फुगलेल्या फुग्याची गाठ सैल असावी तशी. हे मोजायला गेज मिळतं. पण सकाळ-दुपार तोच पाय वापरला तर पायही खोटं बोलत नाही.

खात्रीसाठी गाडी उतारावर नेली, दुसरा गिअर टाकला, क्लच धरून उतरलो आणि मध्यावर क्लच सोडला. गाडी तत्काळ चालू. नवशिके इथे आनंदानं ओरडतात आणि तपास सोडतात. ओरडा, पण अर्थही लावा. किकेनं इंजिन जेमतेम दोन-चार फेरे फिरतं, तेही रेंगाळत. उतारावर ते जोरात फिरतं, त्यामुळे गळक्या जागेतून दाब निसटायला वेळच मिळत नाही. कॉइल अशक्त असती तरी ढकलून गाडी चालू झाली असती, पण कॉइलला टॉवेलाखाली निर्दोष सोडलेलं होतं. म्हणजे दाब कुठूनतरी गळतोय, आणि तापल्यावरच गळतोय.

आता मला वाटलं, पुरावा गरम आहे तोवर गॅरेज गाठलं पाहिजे. पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी टेम्पोत चढवली, आणि टेम्पोवाल्याच्या सीटखाली होती ती गोधडी इंजिनाभोवती गुंडाळली. (ही पायरी मार्गदर्शिकेत धरू नये. तापलेलं इंजिन, पेट्रोल आणि गोधडी हे त्रिकूट कोणीही एकत्र आणू नये.) दिवे घाटात टेम्पो अडकला तेव्हा शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आत डोकावून विचारलं, “आजारी आहे का?” मी हो म्हणालो.

गॅरेजात पोचलो तेव्हा गोधडीतून वाफा निघत होत्या. मी मिस्त्रींना विजयी मुद्रेनं म्हणालो, “मामा, तापलेली आणलीय, आता बघा.” मामांनी सगळी हकिकत ऐकली. वास नाही, ठिणगी आहे, किक पोकळ, ढकलून चालू. किक एकदा हातानंच दाबून बघितली. मग गोधडीची घडी घालून माझ्या हातात दिली.

“टॅपेट,” ते म्हणाले. “आणि टॅपेट गार इंजिनावर मोजतात. ठेवून जा. गार होऊ दे.”

टेम्पोवाला माझ्याकडे बघून हसला. तीन रविवारांत तो पहिल्यांदाच हसला होता.

सोमवारी सकाळी मामांनी टाकी उतरवली, हेडचं झाकण काढलं आणि फिलर गेज पंख्यासारखं उघडलं. ही पोलादी पट्ट्यांची जुडगी नाना पेठेत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. प्रत्येक पट्टीवर जाडी छापलेली असते. हेडमधले व्हॉल्व्ह इंजिनात श्वास आणतात आणि सोडतात. बंद झाल्यावर त्यांनी बूच मारल्यासारखं घट्ट बसायला हवं. त्यासाठी व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. हेच मामांचं टॅपेट. माझ्या गाडीला श्वास आत आणणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ०.१० ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे एखाद-दुसऱ्या केसाइतकी. व्हॉल्व्ह झिजत जातो तसा तो आपल्या बैठकीत वर रुतत जातो आणि फट कमी होते. इंजिन तापलं की व्हॉल्व्हची दांडी लांबते आणि उरलेली फटही खाऊन टाकते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, किलकिला राहतो, आणि दाब त्या किलकिल्या तोंडातून पळून जातो. गार झाला की पुन्हा मिटतो. म्हणून सकाळी पहिल्या किकला चालू.

मामांनी ०.१० ची पट्टी सरकवली. उजवीकडे गेली, ओढताना हाताला हलकी घसट लागली. डावीकडे गेली नाही. ०.०८ नाही. ०.०५ नाही. सगळ्यात पातळ, ०.०३ ची पट्टी जेमतेम अडखळत गेली.

“एअर फिल्टर कधी धुतला?”

मी दोन महिन्यांपूर्वी असं म्हणालो. मामांनी फिल्टर काढला. फोमचा फिल्टर, प्रत्येक वेळी धुऊन, वाळवून, तेल लावून बसवायचा असतो. माझा पुरंदर तालुक्याच्या रंगाचा झाला होता आणि एका कडेनं नीट बसलेलाच नव्हता. तिथून मुरुमाची धूळ आत जात होती. ती व्हॉल्व्हची कड पॉलिश पेपरसारखी घासत होती. तीन रविवार मी गाडी आणि आभाळ यांच्याशी भांडलो, आणि गुन्हा घडला होता तो न्हाणीघराच्या कोपऱ्यात मी टाळलेल्या त्या पाच मिनिटांत.

दुरुस्तीचं गणित पाचवीच्या मुलाला जमेल असं आहे. व्हॉल्व्हच्या दांडीच्या टोकावर एक बारीक गोल चकती असते, शिम. जुनी १.९० ची. मोजलेली फट ०.०३, हवी ०.१२. कमी पडतात ०.०९, म्हणजे नवी शिम १.८१ ची. बाजारात १.८० मिळते, तीच घ्यायची. फट शून्य निघाली असती तर हे गणितही जमलं नसतं, कारण शून्याच्या पलीकडे व्हॉल्व्ह किती रुतलाय ते पट्टी सांगत नाही. पातळ शिम बसवून पुन्हा मोजावं लागतं. मामांनी जुनी चकती माझ्या तळहातावर ठेवली. शर्टाच्या गुंडीपेक्षा लहान. “ही मुदतवाढ आहे,” ते म्हणाले. “चार-पाच तासांत फट पुन्हा मिटली तर व्हॉल्व्हच बदलायचा.” या गाड्यांचं वय किलोमीटरमध्ये नाही, तासांत मोजतात, ही नवशिक्यानं टिपून ठेवावी अशी आणखी एक गोष्ट.

शेवटची पायरी मामांनी स्वतः केली. गाडी जोडली, चालू केली, गॅरेजच्या बोळात रेडिएटर हाताला सोसवेना इतकी तापवली. बंद केली. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले, कारण धग चढायला तेवढा वेळ द्यावा लागतो. हॉट स्टार्ट ओढला, रेसला हात नाही, घट्ट जागा शोधली, एक किक.

चालू.

टेम्पोवाला गाडी न्यायला आला होता, तो दारात उभा राहून बघत होता. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, “साहेब, मी पहिल्या दिवसापासून काय सांगत होतो? रात्रभर गार झाली की होते चालू.”